आठ वाजताचं पाणी

गेली अकरा वर्षं समुद्र तापवल्याचा आरोप मोजणीदारावर होता, आणि फिर्यादी घरातच राहत असल्यामुळे सुनावणी रोज व्हायची. फिर्यादी म्हणजे त्याचे वडील. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी जेवताना आणि पाहुणे आले की जरा आवाज चढवून बाबा एकच वाक्य बोलायचे, "माझ्या हातात होता तोवर समुद्र थंड होता."

पुरावा त्यांच्या बाजूने होता, ही खरी अडचण. बंदराच्या कचेरीत बाबांनी एकतीस वर्षं समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजलं होतं. रोज सकाळी आठ वाजता धक्क्याच्या टोकाला जायचं, दोर बांधलेली कॅनव्हासची बादली पाण्यात सोडायची, भरून वर ओढायची, त्यात तापमापक धरायचा आणि आकडा वहीत चढवायचा. एकतीस वर्षांत उन्हाळे-हिवाळे येऊन गेले, पण वर्षाची सरासरी काढली की आकडा जागचा हलायचा नाही. जणू समुद्रही नोकरीत कायम झाला होता. मग बाबा निवृत्त झाले. सोमवारी त्याच खुर्चीवर त्यांचा मुलगा बसला, आणि त्याच सोमवारी समुद्र जवळजवळ एका अंशाने तापला. तो पुन्हा खाली आलाच नाही. उलट त्यानंतर दर वर्षी किंचित किंचित वर सरकत राहिला. बाबांना यात शास्त्रबिस्त्र काही दिसत नव्हतं. लहानपणी पोराचे लाड जास्त झाले, एवढंच दिसत होतं.

सुरुवातीची दोन वर्षं मोजणीदाराने आपली बाजू मांडली. नंतर सोडून दिलं. एक्केचाळीस वर्षांचा एक माणूस रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, समुद्र तापवायला घराबाहेर पडतो, हे त्याने मनाशी मान्य करून टाकलं. प्रत्येकाला काही ना काही काम असतंच.

कचेरी धक्क्याच्या जमिनीकडच्या टोकाला होती. मोठ्या भरतीला हल्ली पाणी तिच्या व्हरांड्यात यायचं; आधी वर्षातून एकदा, आता महिन्यातून दोनदा. पहिल्यांदा आलं तेव्हा सगळे धावले होते. आता नुसते पाय वर घेऊन काम चालू ठेवायचे. कपाटांखाली विटा लावल्या, मग विटांखाली विटा लावल्या. आता वरचा कप्पा उघडायला स्टूल लागायचं, आणि स्टूलसुद्धा विटांवर होतं. साहेबांनी यावर वरच्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की एकूण किती विटा लागल्या ते कळवावं.

मोजणीदाराची बायको बर्फाच्या कारखान्यात पाळी सांभाळायची. या सगळ्या प्रकाराची तिची स्वतःची मांडणी होती आणि ती एका दमात सांगून व्हायची. पाणी तापलं म्हणून मासे लांब गेले. मासे लांब गेले म्हणून होड्या लांब जायला लागल्या. लांब जायचं म्हणजे डिझेल जास्त आणि बर्फही जास्त. बर्फ जास्त म्हणून कारखान्याची यंत्रं चोवीस तास, आणि वीज पुरत नाही म्हणून तिथेही डिझेलच. त्या सगळ्याचा धूर वर जातो, धुराने पाणी तापतं, आणि पाणी तापलं की मासे आणखी लांब. म्हणजे आपण दिवसभर बर्फ बनवून समुद्र गरम करतो, असं म्हणून ती हातमोजे दोरीवर वाळत टाकायची. नवऱ्यावरचा आरोप निम्मा आपल्यावर घेण्याची ही तिची पद्धत होती.

अशा घरात आणि अशा कचेरीत आकडेबाई आल्या. हे नाव त्यांना धक्क्यावरच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी दिलं. बंदरोबंदरी फिरून जुन्या वह्या तपासायच्या आणि समुद्र पूर्वी किती गरम होता ते एकत्र लावायचं, हे त्यांचं काम. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सडसडीत, पाठीवर पिशवी. एकच वाईट बातमी त्यांनी इतकी वर्षं इतक्या लोकांना सांगितली होती की त्यांच्या आवाजात चढउतारच उरले नव्हते. पंखा जरा हळू करा आणि पृथ्वी तापतेय, ही दोन्ही वाक्यं त्या एकाच सुरात बोलायच्या.

आठ दिवस त्यांनी वह्या वाचल्या. नवव्या दिवशी मोजणीदाराला समोर बसवलं आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारावर बोट ठेवलं.

"इथे नेमकं काय झालं?"

"मी लागलो," मोजणीदार म्हणाला.

आकडेबाईंनी ते लिहून घेतलं. हसल्या नाहीत. त्यांच्या कामात याहून विचित्र कारणं खरी निघाली असावीत.

मग त्यांनी अडचण सांगितली. अचानक उडी दिसते, ती एक गोष्ट. पण त्यांना खरा संशय उडीच्या आधीच्या एकतीस वर्षांचा होता. त्याच काळात आजूबाजूच्या सगळ्या बंदरांत पाणी हळूहळू तापत गेलेलं, आणि फक्त याच धक्क्याला ते ढिम्म. इतका हट्टी समुद्र त्यांनी कुठेच पाहिला नव्हता. कारण सापडलं तर दुरुस्ती करून बेचाळीस वर्षं सलग जोडता येतील, आणि इतक्या जुन्या, एकही दिवस न चुकलेल्या नोंदी सगळ्या किनाऱ्यावर दुसरीकडे नाहीत. कारण सापडलं नाही तर सगळ्या बंदरांच्या नोंदींची जी यादी बनत होती, तिच्यातून बाबांच्या वह्या काढाव्या लागतील. यादी महिन्याभरात बंद होणार होती.

"काढायच्या म्हणजे?" मोजणीदाराने विचारलं.

"नसल्यासारख्या धरायच्या."

मोजणीदाराने वरच्या कप्प्याकडे पाहिलं. त्या वह्यांना तपकिरी कागदाचे पुठ्ठे बाबांनी स्वतः घातले होते. व्हरांड्यात पाणी आलं की बाबांचा घरून फोन यायचा आणि ते मुलाची नाही, वह्यांची चौकशी करायचे. आठवड्यातून एकदा तरी विचारायचे की कप्पा कोरडा आहे ना. बाबांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. गाणं नाही, राजकारण नाही, एखादा धड शत्रूसुद्धा नाही. होता तो एक थंड समुद्र आणि त्याच्या एकतीस वह्या. आता घरी जाऊन त्यांना सांगायचं, की बाबा, त्या नसल्यासारख्या धरल्यात. मोजणीदाराला वाटलं, त्यापेक्षा समुद्र आपणच तापवला असं लेखी देऊन मोकळं व्हावं.

त्या दिवशी चहा पिताना त्याने आकडेबाईंना विचारलं, की पाऊण-एक अंशाचं एवढं काय. घरात आंघोळीचं पाणी एका अंशाने वरखाली झालं तर कुणाला कळतही नाही. आकडेबाईंनी न कंटाळता सांगितलं, म्हणजे कंटाळा आलेलाच होता, पण सांगितलं. कोळसा, तेल, वायू जे काही आपण जाळतो त्याचा धूर हवेत साचतो आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. आत आलेलं ऊन बाहेर पडत नाही. त्या कोंडलेल्या उष्णतेतले दहातले नऊ वाटे समुद्र गिळतो, म्हणून जमिनीवर आपण अजून बसून चहा पिऊ शकतो. वर त्या धुरातला कर्बवायूही तोच पितो, त्याने पाणी आंबट होतं आणि शिंपल्यांची कवचं पातळ पडतात. आणि तापलेलं पाणी फुगतं, जागा जास्त मागतं, म्हणून ते व्हरांड्यात येतं.

"समुद्र म्हणजे थोरली सून आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं सगळं गिळते आणि बोलत नाही. पण नुसता कपाळाला हात लावला आणि ती किंचित गरम लागली, तरी समजायचं की आत किती साठलंय."

मोजणीदाराने घरी जाऊन यातलं काही सांगितलं नाही. बायकोला तेवढं सांगितलं, हळू आवाजात, स्वयंपाकघरात.

दुसरी सकाळ नेहमीसारखी उजाडली. बायकोने सव्वासातला बाबांचं आंघोळीचं पाणी काढलं आणि हाक मारली. बाबा आलो म्हणाले. मग त्यांनी चष्मा शोधला, वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, शेजाऱ्याशी गॅलरीतून दोन शब्द बोलले, टॉवेल शोधला आणि पावणेआठला न्हाणीघरात शिरले. आतून आवाज आला, "सूनबाई, पाणी पुन्हा गार काढलंस."

हे लग्न झाल्यापासून रोज चाललं होतं. सूनबाईने कधी उत्तर दिलं नव्हतं. आज मात्र ती हातातली वाटी तशीच धरून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "अहो, समुद्रालाही ते असंच ताटकळत ठेवत असतील."

मोजणीदार डबा न घेताच कचेरीत गेला.

आंघोळीची गोष्ट आणि बाबा भरलेली बादली कचेरीत आणून मगच मोजायचे हे ऐकून आकडेबाई पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसल्या. पण बादली मुळात कचेरीपर्यंत आणायचं कारण काय, असं त्यांनी विचारलं. उत्तर त्यांच्या डोक्यावरच लटकत होतं. बाबांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात तापमापक त्यांच्या हातून समुद्रात पडला. नवा आला तो हुकमासह आला: तापमापक कचेरीबाहेर नेऊ नये. साहेबांनी हुकूम चौकटीत लावला. समुद्र कचेरीबाहेर आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी तसं कळवण्याचा नमुना कचेरीत नव्हता. तेव्हापासून बाबा पाणीच आत आणायला लागले. मुलाच्या वेळी लांब तारेचं नवं यंत्र आलं, ते थेट समुद्रात सोडायचं असल्यामुळे बादली कोठीत गेली. तारेचा उल्लेख हुकमात नव्हता.

ओली कॅनव्हासची बादली वाऱ्यात ठेवली की बाहेरून सुकते आणि आतलं पाणी गार होतं, हे आकडेबाईंना सांगायची गरज नव्हती. माठ कुणाला माहीत नाही. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की बाबा ती किती वेळ ठेवायचे. मोजणीदाराने घरी आडून आडून विचारून पाहिलं. बाबा म्हणाले, आठ म्हणजे आठ, आणि विषय संपला.

मग आकडेबाई स्वतःच घरी आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. जुनी पद्धत आता कुणालाच येत नाही, काका, मला एकदा शिकवाल का, एवढंच म्हणाल्या. बाबांनी त्याच संध्याकाळी शर्टाला इस्त्री केली आणि बूट पुसून दाराशी लावून ठेवले.

सकाळी बरोबर आठच्या ठोक्याला बाबांनी धक्क्याच्या टोकावरून बादली सोडली. एकाहत्तराव्या वर्षीही हात सरळ होता. बादली तिरकी पडली, भरली आणि एका दमात वर आली. आकडेबाईंनी बादलीच्या आत बटणाएवढा तापमापक आधीच चिकटवून ठेवला होता. मग बाबा बादली घेऊन चालू लागले. वाटेत जाळी विणणाऱ्याशी त्याच्या गुडघ्याबद्दल बोलले. बादली हातात हलत होती आणि वारा लागत होता. कचेरीशी आल्यावर त्यांनी ती नेमकी दारात ठेवली, कारण तिथे हवा छान येते. हजेरीपटावर आता नाव नव्हतं, म्हणून त्यांनी अभ्यागतांच्या वहीत सही केली. चहा घेतला. वर्तमानपत्रातले निधनाचे फोटो पाहिले, दोघे ओळखीचे निघाले, एकाबद्दल थोडं वाईट वाटून घेतलं आणि दुसऱ्याबद्दल नाही. मग चष्मा पुसला, पेटीतून जुना काचेचा तापमापक काढला, बादलीत बुडवला, आणि आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी आकडा जाहीर केला. बरोबर अठ्ठावीस. वेळेच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, आठ.

मोजणीदार ते लिहिणं बघत होता. त्यात लबाडी नव्हती. बाबांच्या लेखी ते पाणी आठचंच होतं. आठला भरलं म्हणजे आठचं. मधे ते जरा थांबलं, इतकंच.

"तुझा आकडा काय आज?" बाबांनी त्याला विचारलं.

"अठ्ठावीस दशांश नऊ."

बाबा आकडेबाईंकडे वळले. "बघा. माझ्या हातात आला की कसा गप थंड होतो."

पुढचे तीन आठवडे बाबा रोज कामावर गेले. आकडेबाईंना कोरडा वारा, दमट वारा, ढग, ऊन असं सगळं मोजायचं होतं, म्हणून त्यांनी रोज यायची विनंती केली, आणि बाबांना ती मुदतवाढ वाटली. ते घरी येऊन कचेरीतल्या तक्रारी करू लागले. विटांवरचं स्टूल डुगडुगतं म्हणाले. रात्रीचं जेवण लवकर मागू लागले, सकाळी काम असतं म्हणून. एवढंच काय, आंघोळीलाही वेळेवर जाऊ लागले, आणि सूनबाईला आयुष्यात पहिल्यांदा पाणी फार कढत काढल्याबद्दल बोलणी बसली.

तीन आठवड्यांत हिशेब जमला. बादलीतलं पाणी किती मिनिटांत किती गार होतं, ते आता माहीत होतं. आकडेबाईंनी हळूच एक अंदाजही बांधला होता, आणि तो मोजणीदाराला सांगताना त्यांचा सूर पहिल्यांदा किंचित हलला. एकतीस वर्षं आकडा सपाट राहिला, कारण समुद्र जसजसा तापत गेला तसतसा बाबांचा चहा लांबत गेला. दोघे इतक्या एकमताने सरकत गेले की वहीत काहीच घडलं नाही. पण अंदाजावर दुरुस्ती करता येत नाही. कोणत्या वर्षी बादली किती वेळ थांबायची, ते ती बादली धरणाऱ्याने सांगायला हवं आणि खाली सही करायला हवी. यादी दोन दिवसांनी बंद होणार होती.

मोजणीदार म्हणाला, मी लिहून देतो, वाटेल ते लिहितो. आकडेबाई म्हणाल्या की वाटेल ते लिहिलेलं त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे.

दुपारी बाबांना कचेरीत बसवलं. भरती होती, व्हरांड्यात घोटाभर पाणी होतं, सगळ्यांचे पाय खुर्च्यांच्या दांड्यांवर होते. आकडेबाईंनी कागद पुढे केला. त्यात बाबांच्या पद्धतीबद्दल चार सरळ वाक्यं होती आणि खाली एकतीस रिकाम्या ओळी. बाबांनी कागद दोनदा वाचला. आधी चष्म्यातून, मग चष्मा काढून.

"म्हणजे मी एकतीस वर्षं चहा पीत होतो, असं लिहून देऊ?"

मोजणीदाराने मग त्यांना सगळं सांगितलं. वह्या काढल्या जातील ते, नसल्यासारख्या धरल्या जातील तेही. इतके दिवस जे टाळलं होतं ते तीन वाक्यांत आटपलं. बाबा म्हणाले की काढू देत. ज्या माणसाने एकही सुट्टी घेतली नाही, लग्नाच्या दिवशीसुद्धा आठला बादली सोडून मग जो बोहल्यावर उभा राहिला, त्याने उशीर केला असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं असेल, तर त्यापेक्षा वह्या गेलेल्या बऱ्या.

"मी समुद्र मोजलाच नाही, असंच ना?" ते म्हणाले. "मी बादली मोजली."

"बादली समुद्रातच भरली होती, काका," आकडेबाई म्हणाल्या.

बाबा उठले. पाण्यात पाय पडला, बूट भिजला. टेबलावर मोठा कागद पसरला होता, त्यावर बेचाळीस वर्षांच्या आकड्यांची रेघ. जाता जाता त्यांनी ती पाहिली. आपलं आयुष्य लांबून कसं दिसतं ते बघावं तशी. रेघ सपाट जात होती. पुढे जाऊन मुलाच्या सोमवारी वर उडी होती. पण मधेच, सपाटीवर, एक लहानसा उंचवटा होता.

"हे काय?"

आकडेबाईंनी सांगितलं की ते एकोणिसावं वर्ष. आठ महिने आकडे विनाकारण चढलेत, तापमापक बिघडला असावा, तेवढा तुकडा तसाही गाळायचाच होता.

बाबा वाकून बघत राहिले. बराच वेळ.

"तापमापक ठीक होता," ते म्हणाले. "ही याची आई आहे."

मोजणीदाराला कळायला क्षणभर लागला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. आई आठ महिने रुग्णालयात होती. भेटीची वेळ साडेआठ ते नऊ. बाबा आठला बादली ओढायचे, धक्क्यावरून कुणाशी न बोलता धावत यायचे, दारात उभ्याउभ्याच तापमापक बुडवायचे, आकडा लिहायचे आणि बस पकडायचे. चहा नाही, वर्तमानपत्र नाही. त्या आठ महिन्यांत पाण्याला थांबायला वेळच मिळाला नव्हता.

आकडेबाईंनी पट्टी घेतली. तिचं एक टोक पहिल्या वर्षावर ठेवलं, जेव्हा तापमापक अजून धक्क्यावर जायचा. दुसरं टोक मुलाच्या सोमवारावर. उंचवट्याचा माथा मधे पट्टीला येऊन टेकला. त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली. ती रेघ सपाट नव्हती. पहिल्या दिवसापासून वर चालली होती, घाई न करता, बाबांच्या डोळ्यांदेखत.

"म्हणजे हा लागला तेव्हा तो तापलेलाच होता," बाबा म्हणाले.

"तुम्ही लागलात तेव्हाही तापतच होता. तुम्ही नोंद ठेवलीत. फक्त वर चहा ठेवलात."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. "मग अकरा वर्षं गप्प का बसलास?"

"दोन वर्षं सांगत होतो."

"मोठ्याने सांगायचंस."

निर्दोष सुटका याहून जास्त शब्दांत होणार नाही, हे मोजणीदाराला माहीत होतं. त्याने खुर्ची पुढे सरकवली. बाबा बसले, भिजलेला बूट काढून दांडीवर पालथा घातला, आणि म्हणाले, "लिही."

आणि मग त्यांना थांबवणं कठीण झालं. ज्या काटेकोरपणाने त्यांनी एकतीस वर्षं आठची वेळ सांभाळली होती, तो सगळा काटेकोरपणा आता उशिराच्या बाजूला आला. दुसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंत फक्त चालण्याचा वेळ, सहा मिनिटं; साहेब कडक होते. नववं वर्ष, नवे साहेब, किटली आली, दहा मिनिटं. सोमवारी पंधरा, कारण साहेब रविवारी काय केलं ते सांगायचे. आकडेबाईंनी विचारलं की सोमवार वेगळे धरायचे का. बाबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी मुकाट्याने नवा रकाना पाडला. चौदाव्यापासून वर्तमानपत्र. सतराव्या वर्षी कोडं सोडवायची सवय लागली, तीन मिनिटं जास्त, अडलं तर पाच. एकोणिसावं वर्ष, आठ महिने, शून्य.

तीन आठवड्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागणार होता, हे आकडेबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण वह्या राहतील म्हणाल्या. इतका तपशीलवार उशीर त्यांना कोणत्याच बंदरात मिळाला नव्हता. बाहेर पाणी व्हरांड्याच्या आतल्या पायरीला लागलं होतं आणि तिथेच चुळचुळत होतं.

"विसावं," मोजणीदार म्हणाला आणि पेन धरून थांबला.

बाबांनी बूट उचलला, आत पाहिलं, परत ठेवला.

"विसाव्या वर्षी कुठे जायचं नसायचं," ते म्हणाले. "बादली दारात ठेवून मी बसून राहायचो. चहाही नसायचा."

"किती वेळ, काका? अंदाजे?"

"पाणी गार होईपर्यंत."

मोजणीदाराने आकडेबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, एक वर्ष तसं चालेल अशा अर्थाने. त्याने ते तीन शब्द जसेच्या तसे लिहिले. रकाना मिनिटांचा होता.